मे महिन्यात शाळा बंद असताना जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग नव्या वर्षाची तयारी कशी करतो?

शाळांना मे महिनाभर सुट्टी असते, मग जूनमध्ये पहिल्या दिवशी पुस्तके, तांदूळ आणि शिक्षक जागेवर कसे असतात, आणि कधीकधी नसतात तर का नसतात, असे आपण विचारले आहे. मी काही वर्षे केंद्रप्रमुख होतो. दहा-बारा शाळांचे एक केंद्र असते, केंद्रे तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतात आणि सगळे तालुके जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे. या उतरंडीच्या तळाशी बसून मी हे काम पाहिले आहे. तेथून मला दिसलेली गोष्ट एवढीच, की सगळी तयारी पटाच्या एका आकड्यावर चालते आणि तो आकडा मागच्या वर्षाचा असतो.

यू-डायस, म्हणजे शाळांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंद, ३० सप्टेंबर ही तारीख धरून भरली जाते. पुढच्या जूनसाठी पुस्तकांची मागणी त्याच पटावरून निघते, आणि कोणत्या शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणारी संचमान्यताही त्यावरच होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कोष्टकाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ पासून तिसरा. राज्याचे शासननिर्णय या निकषांत वेळोवेळी बदल करतात, पण एका मुलामुळे एक शिक्षक मिळणे किंवा जाणे हा प्रकार काही बदलत नाही, आणि म्हणूनच पटाच्या उंबरठ्यावर असलेल्या शाळेचे मुख्याध्यापक सप्टेंबरात एकेका घरी का जातात हे आपल्या लक्षात येईल.

पहिलीची मुले मात्र या मोजणीत कोठेच नसतात. त्यांच्यासाठी मार्च-एप्रिलमध्ये दाखलपात्र मुलांची यादी करावी लागते, आणि तयारीतील सर्वांत कष्टाचे काम मी यालाच म्हणेन. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणारी मुले अंगणवाडीच्या नोंदवहीतून काढायची आणि मग वस्तीवर जाऊन ती खरोखर आहेत का ते पाहायचे. एका वर्षी माझ्याकडे अशी १४ नावे होती. प्रत्यक्षात नऊ मुले भेटली. तिघांना पालकांनी तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत घातले होते, आणि दोन घरांना कुलूप होते. शेजारच्या आजींनी सांगितले, की ते वीटभट्टीवर गेले आहेत, पाऊस पडला की येतील. यादीत ती दोन नावे ठेवायची की काढायची, यासाठी कोणत्याही परिपत्रकात रकाना नव्हता. मी ठेवली.

पुस्तकांचे सांगायचे तर पहिली ते आठवीची पुस्तके समग्र शिक्षा अभियानातून मोफत मिळतात. बालभारतीच्या भांडारातून गठ्ठे तालुक्याला येतात, तेथून टेम्पोने केंद्रशाळेत आणि मग कोणाच्या तरी मोटारसायकलवर बांधून वाडीवर. केंद्रशाळेच्या व्हरांड्यात आम्ही गठ्ठे सोडून इयत्तानिहाय संच लावत असू. एखाद्या शाळेला चौथीचे तीन संच जास्त निघत, दुसऱ्या शाळेला दोन कमी पडत, आणि ही अदलाबदल तेथेच पोचपावतीच्या मागे लिहून उरकली जाई. कागदावर ती पद्धत नाही, पण पहिल्या दिवशी बहुतेक मुलांच्या हातात पुस्तक पडते त्याला हीच अदलाबदल बरीचशी कारणीभूत असते.

गणवेशाबाबत थोडक्यात सांगतो. २०२४-२५ मध्ये तो राज्य पातळीवरून पुरवण्याचे ठरले आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले गेले, त्यामुळे आपल्या गावात गणवेश उशिरा मिळाला असल्यास दोष मुख्याध्यापकांचाच असेल असे समजू नये.

पोषण आहाराचा हिशेब सरळ आहे: पहिली ते पाचवीला दर मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. अडचण असते ती एप्रिलमधील शिल्लक साठ्याची. दीड महिना बंद खोलीत राहिलेल्या पोत्यात किडे होतात, म्हणून शाळा उघडण्यापूर्वी पोती उन्हात पसरून तांदूळ निवडणे, पाण्याची टाकी धुणे आणि वर्गातील कपाटांमागे काठी फिरवून साप-विंचू पाहणे ही कामे शिक्षक आणि स्वयंपाकी-मदतनीस मिळून करतात. शाळा साधारण जूनच्या मध्यास, विदर्भात उन्हामुळे आणखी उशिरा उघडतात. त्याआधीच्या आठवड्यात ही धांदल आपल्याला कोणत्याही शाळेत दिसेल.

बदल्यांचा घोळ मात्र आमच्या हातात नसतो. ऑनलाइन बदलीने एक शिक्षक कार्यमुक्त होतो आणि त्याच्या जागी येणारा रुजू व्हायला वेळ लागतो, तेव्हा जवळच्या शाळेतील शिक्षक तात्पुरता देऊन वर्ग चालवावा लागतो.

वीटभट्टीवरची ती दोन मुले जूनच्या शेवटच्या आठवड्यात आली. एकाकडे जन्माचा दाखला नव्हता, पण वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही असे कायदाच सांगतो, त्यामुळे बाईंनी दोघांचीही नावे त्याच दिवशी हजेरीपटावर घेतली. पुस्तके शेजारच्या वाडीच्या शाळेतून आणली. तेथे पहिलीचे दोन संच उरले होते.