आय५ फोर्थ जेनला नवी ८ जीबी रॅम लावली की डिस्प्लेच येत नाही, बोर्ड गेलाय का?

बोर्ड गेलेला नाहीये रे. जुन्या दोन ४-४ जीबीच्या स्टिक (रॅमच्या पट्ट्या) परत लावल्या की पीसी मुकाट चालू होतो असं तूच लिहिलंयस ना? गेलेला बोर्ड असा माणूस बघून बोलत नाही, तो कुणाशीच बोलत नाही.

मला समजलं ते असं, की तुझ्याकडे इंटेलचा आय५-४४६० प्रोसेसर म्हणजे सीपीयू (चौथ्या पिढीचा, तोच फोर्थ जेन), एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, रॅमला दोनच स्लॉट, ऑनलाइन स्वस्तात एक ८ जीबीची डीडीआर३ मागवलीस, ती एकटी लावली तरी आणि जुन्या ४ च्या जोडीला लावली तरी पंखे फिरतात, लाईट लागते पण मॉनिटर काळा तो काळाच. दुकानात नेला तर दोन मिनिटं बघून "बोर्ड उडालाय, जुन्या मशीनवर खर्च नका करू" म्हणून नव्या पीसीचं कोटेशन हातात दिलं. ते कोटेशन ठेव बाजूला, त्याच्या मागे हिशोब करायला कागद होईल.

मी हेच भोगलंय, जवळपास ह्याच मशीनवर. २०१४ चा असेंबल केलेला पीसी, मागाहून त्यात १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड टाकलेलं, आणि ८ जीबीत जीटीए फाइव्ह गेम चालायचा तसा बरा पण मागे क्रोम उघडा राहिला की गाडी वळवताना असा अडखळायचा की समोरचा खांब ठरलेलाच. म्हणून १६ करू म्हटलं. एक लिस्टिंग सापडली, ८ जीबी डीडीआर३, १६०० स्पीडची, बाकीच्यांच्या जवळजवळ निम्म्या किमतीत, घेतल्या दोन. लावल्या, काळोख. एक लावली, काळोख. स्लॉट बदलला, काळोख. मग मी पण बोर्डालाच शिव्या घातल्या, बोर्डावरचा सेल काढून बघितला, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) मित्राचा आणून लावला, दोन रविवार गेले. शेवटी रात्री बाबांचं पंचांग वाचायचं भिंग घेतलं, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला आणि स्टिकवरच्या त्या काळ्या चिपांवरचे करडे आकडे वाचायला बसलो. सरळ उजेडात ते दिसतच नाहीत, तिरका धरला की मग हळूच उमटतात. तिथे मेख होती.

आता नीट ऐक, कारण हे दुकानात कुणी सांगत नाही. सीपीयू आणि रॅममधला रस्ता ६४ बिटचा असतो. रॅमवरची एक चिप जर ८ बिट देत असेल तर ८ चिपांची एक ओळ मिळून ६४ होतात, ह्या ओळीला रँक म्हणतात. तुझ्या पिढीच्या मशीनला चालणाऱ्या ८ जीबीच्या स्टिकवर अशा दोन ओळी असतात, पुढे ८ आणि मागे ८. पण काही स्टिकवरच्या चिपा प्रत्येकी ४ बिटच्या असतात, मग एकच ओळ करायला सोळा चिपा लागतात. बाहेरून बघायला दोन्ही सारख्याच, तेवढ्याच १६ चिपा, तेच २४० पिन, खाच पण त्याच जागी, स्लॉटमध्ये पण छान कट्ट करून बसते. फक्त इंटेलच्या डेस्कटॉप सीपीयूमधला मेमरी कंट्रोलर (रॅम हाताळणारा भाग) ४ बिटवाल्या चिपा ओळखत नाही. जुन्या एएमडीच्या (इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी), म्हणजे एएम३ सॉकेटच्या वगैरे मशीन ओळखतात. म्हणून ह्या स्टिक "फक्त एएमडीसाठी" म्हणून विकल्या जातात, आणि ते वाक्य लिस्टिंगच्या एकदम तळाशी, विमा पॉलिसीच्या अटी असतात तेवढ्या अक्षरात. माझ्या लिस्टिंगवर पण होतं, मी वाचलं नव्हतं. विकणाऱ्याला शिव्या देऊन झाल्यावर मग वाचलं.

आणि हो, बायोस (पीसी सुरू करून देणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट करून हे सुटत नाही, तो कंट्रोलर बोर्डावर नाही, सीपीयूच्या पोटात आहे. कोणी "बायोस फ्लॅश करून देतो, पाचशे द्या" म्हणालं तर नको म्हण. मधेच लाईट गेली तर तेव्हा मात्र बोर्ड खरंच जाईल.

तर आधी स्टिकरवर बघ. "२आरx८" असं छापलेलं असलं तर दोन ओळी, ८ बिटच्या चिपा, तुझ्या कामाची. "१आरx४" असलं तर परत पाठव. पण स्वस्तातल्या स्टिकवर हे छापलेलंच नसतं, नुसतं मोठं ८ जीबी आणि एखादा वाघ-सिंह किंवा ज्वाळा. मग चिपेवरचा नंबर वाचायचा. सॅमसंगची चिप असेल तर के४बी४जी नंतर ०८ आलं तर ८ बिटची आणि ०४ आलं तर ४ बिटची. हायनिक्सची असेल तर एच५टीक्यू४जी नंतर ८३ का ४३ ते बघ, ८३ चालेल, ४३ नाही. काही स्टिकवर चिपेचा नंबर घासून वर भलतंच काहीतरी छापलेलं असतं, तसं दिसलं की जास्त विचार करू नको, परत.

अजून एक सापळा आहे तो पण बघून घे. फोर्थ जेन आणि त्याच्या आधीच्या इंटेलला ४ गिगाबिट क्षमतेपर्यंतचीच चिप चालते. हिशोब सोपा आहे, ८ बिट म्हणजे १ बाइट, तेव्हा ४ गिगाबिटच्या ८ चिपा म्हणजे ४ जीबी, म्हणून ८ जीबीला सोळा लागतात. तुझ्या ८ च्या स्टिकवर एकाच बाजूला ८ चिपा असतील आणि मागची बाजू सपाट असेल तर त्या ८ गिगाबिटच्या आहेत आणि तुझ्याकडे त्या चालायच्या नाहीत. आणि एका बाजूला ८ ऐवजी ९ चिपा आणि शिवाय मधे एखादी वेगळी चिप दिसली, तर ती सर्व्हरची रॅम आहे, ती तर स्वस्तात ढिगाने मिळते आणि एच८१ वर तिचा काडीचा उपयोग नाही. स्टिकरवर पीसी३ च्या पुढे एल असेल तर मात्र घाबरू नको, ती १.३५ व्होल्टची असली तरी १.५ वर पण चालते, माझ्याकडे आत्ता तीच आहे.

समज चिपा बरोबर निघाल्या आणि तरी डिस्प्ले नाही, तर मग नेहमीची झटापट. ह्यात लोक घाई करतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. मागचं स्विच बंद कर, वायर पण काढ, आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धर म्हणजे आत उरलेला करंट जाईल. ग्राफिक्स कार्ड असेल तर काढ, आळस करू नको, छोट्या बोर्डांवर कार्डाखाली रॅमच्या खालच्या बाजूची कडी अडकते, ती पूर्ण उघडतच नाही आणि आपल्याला वाटतं स्टिक बसली. स्टिक काढून तिच्या सोनेरी दातांवर साधा पांढरा खोडरबर फिरव, हलक्या हाताने, एकाच दिशेने, मागे-पुढे खसाखसा नाही. पहिल्याच फेरीला रबर काळं होतं, माझी तर दहा वर्षांत रॅम कधी काढलीच नव्हती त्यामुळे रबर कोळशासारखं झालं होतं. चुरा मऊ ब्रशने झटक, स्लॉटमध्ये पडू देऊ नको. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. कोरडा रंगाचा ब्रश किंवा लांबून ब्लोअर, बस. मग स्टिक बसवताना दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबायचं, कडीचा आवाज आला पाहिजे. बोर्ड थोडा वाकल्यासारखा वाटतो, काळजाचा ठोका चुकतो, तरी दाब.

एका वेळी एकच स्टिक. नवी एका स्लॉटमध्ये, मग दुसऱ्यात. मग जुनी दोन्ही स्लॉटमध्ये. कागदावर लिहून ठेव कुठली कुठे लावल्यावर काय झालं, डोक्यात ठेवलंस तर तिसऱ्या वेळेला गोंधळ होतो. जुनी स्टिक एका स्लॉटमध्ये चालते आणि दुसऱ्यात नाही असं झालं तर गोष्ट वेगळी, मग तो स्लॉट किंवा सीपीयूखालची एखादी वाकलेली पिन. एलजीए ११५० प्रकारात (तुझ्या बोर्डाचा तोच) पिना सॉकेटमध्ये असतात, कधी कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले तरी रॅमचं एक चॅनेल (सीपीयूकडे जाणारा रस्ता) गायब होतं. थर्मल पेस्ट नुकतीच बदलली असशील तर आधी तिथे बघ.

रॅम बदलल्यावर बायोसचा तो गोल सेल, सीआर२०३२, पाच मिनिटं काढून परत लाव, म्हणजे जुन्या रॅमची सेटिंग पुसली जाते. नंतर पहिल्यांदा चालू करताना मशीन एकदोनदा स्वतःच बंद होऊन चालू होईल, मिनिटभर काळा स्क्रीन राहील. तेव्हा बटण दाबत बसू नको, चहा ठेव. माझ्या मित्राने असल्या वेळी पाच वेळा रिसेट मारून चांगली स्टिक खराब म्हणून परत केली होती.

चालू झाला की लगेच गेम लावू नको. आधी बायोसमध्ये बघ १६ दिसतात का (किंवा ४ सोबत असेल तर १२), मग विंडोजमध्ये. बायोसमध्ये पूर्ण आणि विंडोजमध्ये कमी दिसत असेल तर दोष रॅमचा नाही. ३२ बिट विंडोज असेल तर ४ जीबीच्या वर जाणारच नाही. आणि माझ्यासारखं जुनं विंडोज ७ होम बेसिक असेल तर ६४ बिट असूनसुद्धा ८ ला अडतं, होम प्रीमियम १६ पर्यंत जातं. हे मला माहीतच नव्हतं! योग्य रॅम मिळवली, लावली, बायोस म्हणतंय १६, विंडोज म्हणतंय १६ पैकी ८ वापरता येतील, आणि मी परत भिंग घेऊन बसलो. बायको म्हणाली आता रॅमची पण कुंडली बघताय का. विंडोज १० टाकल्यावर प्रश्न मिटला. तुझं १० च असेल तर एमएसकॉन्फिग उघडून बूटच्या ॲडव्हान्स्डमध्ये मॅक्सिमम मेमरीला टिक आहे का ते बघ, यूट्यूबवरचे "पीसी फास्ट करा" वाले व्हिडिओ ती टिक करायला सांगतात, ती काढ.

नंतर मेमटेस्ट८६ प्लस, रॅम तपासायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट कर आणि रात्रभर चालू ठेव, निदान तीन-चार फेऱ्या होऊ दे. एक जरी लाल एरर आली तरी ती स्टिक वाईट, "एकच तर आहे" म्हणायचं नाही, तीच एक एरर नंतर गेम सेव्ह होताना ब्लू स्क्रीन बनून येते. आमच्याकडे तिसऱ्या फेरीला लाईट गेली होती, परत पहिल्यापासून. लाईट जायचा वार बघून लाव.

आता तुझा शेवटचा प्रश्न, ४ सोबत ८ ठेवली तर चालेल का. चालेल. इंटेल दोन्हीतले ४-४ जोडीने वापरतं आणि वरचे ४ एकेरी, दोन्हींचा स्पीड वेगळा असेल तर सगळं हळू असेल त्याच्या स्पीडला चालतं. १६०० ची एक स्टिक सेकंदाला १२.८ जीबी देते, जोडी २५.६. तुझ्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर एवढा फरक डोळ्यांना दिसणार नाही, पण जमत असेल तर ८-८ च घे. एच८१ ला १६ च्या वर जात नाही, म्हणून पुढचा विचार करायचाच नाही. १८६६ किंवा २१३३ वाली गेमिंग रॅम, वर लाल पत्रा लावलेली, तिला जास्त पैसे देऊ नको, ह्या बोर्डवर ती १६०० लाच चालणार, कधी १३३३ ला.

घ्यायची कुठून? मला विचारशील तर ऑफिसातून भंगारात निघालेल्या फोर्थ जेन डेस्कटॉपची सेकंडहँड रॅम. त्या मशीन इंटेलच्याच होत्या म्हणजे त्यातली स्टिक इंटेलवर चाललेली आहे हे आपोआप सिद्ध. दिसायला हिरवी, गरीब, पत्रा नाही काही नाही, पण स्टिकरवर सगळं खरं छापलेलं असतं. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या बाजूला विचारलंस तर मिळून जाईल, फक्त "लावून दाखवा आणि आठ दिवसांची टेस्टिंग वॉरंटी बिलावर लिहून द्या" हे आधीच सांगायचं. अजून हार्ड डिस्कवरच विंडोज असेल तर मात्र आधी एसएसडी घे, डीडीआर३ पुढच्या पीसीत लागणार नाही, एसएसडी लागेल.

ती नवी स्टिक अजून परत करायच्या मुदतीत आहे का? असेल तर आज रात्रीच टॉर्च तिरका धरून चिपेवरचा नंबर वाच आणि इथे टाक, मी बघून सांगतो.