आईला काचबिंदूचे टिमोलॉल आणि लॅटानोप्रोस्ट असे दोन ड्रॉप्स दिलेत, लागोपाठ टाकले तर चालतील का?

लागोपाठ नका टाकू. डोळ्यात जेमतेम एका थेंबाची जागा. दुसरा लगेच टाकला की पहिला वाहून जातो. मध्ये निदान ५ मिनिटं जाऊ द्या. थेंबानंतर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा २ मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध रक्तात कमी उतरतं. टिमोलॉलसाठी हे फार महत्त्वाचं. आईला दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर डॉक्टरांना आजच सांगा, खरंच.

टिमोलॉलनं डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) कमी तयार होतं, लॅटानोप्रोस्टनं त्याचा निचरा वाढतो, म्हणून दोन्ही. एकाच बाटलीतही मिळतात, विचारून बघा. न फोडलेलं लॅटानोप्रोस्ट परभणीच्या उन्हाळ्यात फ्रीजमध्येच ठेवा.