व्हिडिओ गेम खेळून मुलांची सर्जनशीलता खरंच वाढते का? त्यातून ती काही शिकतात का?

हो, पण सरसकट सगळ्या गेमबद्दल असं म्हणता येणार नाही. मी शाळेत असल्यापासून खेळतोय, त्यामुळे स्वतः खेळलेल्या गेमबद्दलच मुख्यतः सांगतो.

'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' घ्या. त्याची पूर्ण आवृत्ती २०१५ मध्ये आली. यात रॉकेट आपणच जुळवायचं आणि आपणच उडवायचं. समजा, तुमचं यान कक्षेत फिरतंय आणि त्याच कक्षेत पुढे असलेल्या दुसऱ्या यानाला गाठायचंय. साहजिकच तुम्ही इंजिन चालू करून वेग वाढवता. पण होतं उलटंच! यान वरच्या कक्षेत चढतं, फेरीला जास्त वेळ लागतो आणि पुढचं यान आणखी लांब जातं. गाठायचं तर आधी वेग कमी करून खालच्या, लहान कक्षेत उतरावं लागतं. १९६५ मध्ये नासाच्या जेमिनी-४ मोहिमेत अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिट यांनी रॉकेटच्या सुट्या झालेल्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनाही हाच अनुभव आला होता. यामागची सूत्रं मी आधी पाठ केली होती, पण ती अंगात मुरली इंधन संपेपर्यंत गेममध्ये धडपडल्यावरच.

परीक्षेत चूक झाली की गुण जातात आणि वर्ग पुढच्या धड्याकडे वळतो. गेममध्ये रॉकेट कोसळलं तर का कोसळलं ते शोधून लगेच दुसरं उडवता येतं. माझ्या मते शिकण्याच्या बाबतीत गेमचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

सर्जनशीलतेसाठी मी 'माइनक्राफ्ट' या ठोकळ्यांनी जग उभारायच्या गेमचं नाव घेईन, त्यातही रेडस्टोनचं. ही पूड जमिनीवर टाकत गेलं की तिच्यातून सिग्नल वाहतो, पण १५ ठोकळ्यांपर्यंतच. पुढे रिपीटर बसवावा लागतो. रेडस्टोनची मशाल ज्या ठोकळ्यावर लावलीय, त्याला सिग्नल मिळाला की ती विझते. म्हणजे 'हो'चं 'नाही' करणारं लॉजिक गेट (कॉम्प्युटरचा पायाभूत भाग) तयार! एवढ्याच सामानातून लोकांनी आपोआप उघडणारी दारं बनवली, कॅल्क्युलेटर बनवले, चालते कॉम्प्युटरसुद्धा उभे केले. सामान मोजकं असलं की डोकं जास्त चालतं, हे मी इथे पुन्हापुन्हा पाहिलंय.

आणि हे फक्त मुलांपुरतं नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या 'फोल्डइट' या गेममध्ये प्रथिनांच्या घड्या सोडवायच्या असतात. माकडांमधल्या एका विषाणूच्या एन्झाइमची रचना शास्त्रज्ञांना दहाहून अधिक वर्षं सापडत नव्हती. २०११ मध्ये या खेळाडूंनी काही आठवड्यांत तिचं उपयोगी पडणारं मॉडेल बनवून दिलं. त्यातल्या बहुतेकांचा जीवरसायनशास्त्राशी संबंधही नव्हता.

आता दुसरी बाजू. एका गेममध्ये तरबेज झालं म्हणून गणित आपोआप सुधारत नाही. जे शिकतो ते बहुतांशी त्या गेमच्या आसपासच राहतं. आणि नुसतं टॅप करत राहायचं, बक्षिसाची पेटी उघडायची, नाहीतर पैसे भरून पुढे जायचं, असे जे मोबाइल गेम आहेत त्यांचा मला तरी काही फायदा दिसत नाही.

पालक असाल तर वेळ मोजण्याच्या जोडीने मुलाच्या शेजारी बसा आणि 'हे कसं चालतं, मला दाखव' म्हणा. ते उत्साहाने समजावू लागलं तर त्याला एमआयटीत तयार झालेलं 'स्क्रॅच' उघडून द्या. ते मोफत आहे आणि त्यात मूल स्वतःचा गेम बनवू शकतं.