माझं डोकं प्रोग्रामिंगचं नाहीच, मॅडम

प्रोग्रामिंग नव्यानं शिकणारी मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "वर्गात सगळं समजतं, पण स्वतः लिहायला बसलो की काहीच जमत नाही." थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलणं होतं आणि मग खरी भीती बाहेर येते. माझं डोकंच यासाठी नाही का?

झोप उडालेली असते, मित्रांना टाळणं सुरू झालेलं असतं, घरी फोनवर बोलताना आवाज खाली गेलेला असतो. खोदत गेलं की मुळाशी काहीतरी फार अवघड सापडेल असं वाटतं. पण पॉइंटर आणि रिकर्शन अशा अवघड विषयांपर्यंत ही मुलं पोचलेलीच नसतात. ती अडकलेली असतात अगदी सुरुवातीच्या दोन जागी: व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत साठवायच्या नाव दिलेल्या जागेत, या क्षणी नेमकं काय आहे, आणि लूप, म्हणजे त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा भाग, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला की त्या किमतीचं काय होतं. प्रोग्रामिंगची भाषा सी असो, सी प्लस प्लस असो की जावा, या दोन जागा चुकत नाहीत. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी काही वर्षं प्रोग्रामिंग शिकवलं आहे, त्यामुळे मुलं प्रोग्रामबद्दल आणि स्वतःबद्दल एकाच दमात बोलतात तेव्हा मला दोन्ही वेगवेगळं ऐकू येतं.

हा अनुभव अशाच एका मुलाचा. त्याच्या संमतीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्याला सी भाषेत एक साधा खेळ करायचा होता. संगणकानं १ ते १००मधला एक आकडा मनात धरायचा, खेळणाऱ्यानं तो ओळखायचा, किती प्रयत्न लागले ते शेवटी दाखवायचं आणि 'पुन्हा खेळायचं का?' असं विचारायचं. हो म्हटलं की नवा डाव. एवढंच.

"किती प्रयत्न लागले तेच प्रोग्राम नीट सांगत नाही," तो म्हणाला. "पहिल्यांदा केला तेव्हा बत्तीस हजार का काहीतरी आलं. काही न बदलता दुसऱ्या दिवशी चालवला, तर बरोबर आलं. मित्राला दाखवायला गेलो तर परत भलताच आकडा."

"मग तू काय केलंस?"

"परत परत रन करत राहिलो. कधीतरी बरोबर येईल म्हणून."

हे उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. सीमध्ये फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रामच्या एका नाव दिलेल्या भागाच्या, आत साधं व्हेरिएबल जाहीर केलं आणि त्याला सुरुवातीची किंमत दिली नाही, तर त्यात काय असेल याची कसलीही हमी भाषा देत नाही. त्या जागेत आधीचं जे काही पडलं असेल ते. मुलं त्याला गार्बेज व्हॅल्यू म्हणतात. कधी तिथे योगायोगानं शून्य असतं आणि प्रोग्राम बरोबर वाटतो. जावामध्ये हीच चूक केली तर कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं तपासून संगणकाला चालवता येईल असं करणारा प्रोग्राम, पुढेच जाऊ देत नाही. किंमत दिलेली नाही म्हणून अडवतो. सी अडवत नाही. फार तर वॉर्निंग, म्हणजे नुसता इशारा, देतं, तीही सुरू ठेवली असेल तर.

नवशिक्याच्या मनावर याचा काय परिणाम होतो ते पाहा. त्यानं काहीही न बदलता निकाल बदलतो, म्हणजे त्याच्या कृतीचा आणि निकालाचा संबंधच तुटतो. १९६७च्या सुमारास मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत असंच दिसलं होतं. आपण काहीही केलं तरी त्रास थांबत नाही असा अनुभव आलेली बरीच कुत्री, पुढे सुटकेची वाट उघडी असतानाही हलली नाहीत. माझ्यासमोरचा मुलगा आळशी नव्हता, कमी बुद्धीचा तर मुळीच नव्हता. प्रयत्नांना उत्तर मिळतं यावरचा त्याचा विश्वास गेला होता.

सुरुवातीला शून्य द्यायचं हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. त्यानं ते प्रोग्रामच्या अगदी वर, सगळ्या लूपच्या आधी लिहिलं. पहिला डाव बरोबर झाला. दुसऱ्या डावात मात्र मोजणी सातपासून सुरू झाली, कारण पहिल्या डावात सहा प्रयत्न लागले होते. मग त्यानं प्रयत्न मोजणारं 'काउंट' हे व्हेरिएबल जाहीर करून शून्यावर ठेवणारी 'इंट काउंट बरोबर शून्य' ही ओळ तशीच्या तशी आतल्या, अंदाज विचारणाऱ्या लूपमध्ये पुन्हा लिहिली. आता शेवटी दरवेळी शून्यच छापलं जाऊ लागलं. नाव एकच असलं तरी महिरपी कंसाच्या आत 'इंट' लिहून जाहीर केलेलं व्हेरिएबल वेगळं असतं. ते दर फेरीला नव्यानं तयार होतं आणि कंस संपला की संपतं. तो आतलं वाढवत होता आणि बाहेरचं छापत होता.

"मग?"

"मग फाइलच डिलीट केली. पहिल्यापासून लिहिली. असं तीन-चारदा झालं."

"आणि प्रत्येक वेळी स्वतःला काय म्हणालास?"

तो बराच वेळ बोलला नाही. "ढ आहे म्हणालो."

त्या दिवशी मी तिथेच थांबले. 'असं नसतं रे, तू हुशार आहेस' हे वाक्य अशा वेळी सहज तोंडावर येतं आणि ते गिळावं लागतं. त्याला ते खरं वाटणार नव्हतं. पुरावा त्याच्या बाजूचा होता, माझ्या नाही. म्हणून पुरावाच तपासायचा असं ठरवलं.

पुढच्या भेटीत संगणक बंद ठेवला. शून्य फक्त सगळ्यात वर लिहिलेला प्रोग्राम समोर घेतला आणि कोऱ्या कागदावर उभे रकाने आखले: डाव, अंदाज, काउंट. त्याला म्हटलं, "आज तू संगणक. लिहिलेलं तेवढंच करायचं, मनाचं काही नाही." वर्गात याला ड्राय रन म्हणतात आणि बहुतेक मुलं तो मार्कांपुरता करतात. पहिला डाव त्यानं झटपट भरला. काउंटच्या रकान्यात एक, दोन करत सहा आले. आकडा सापडला.

"पुन्हा खेळायचं का? हो. दुसरा डाव सुरू. काउंट किती?"

"शून्य."

"कोणी केलं?"

"म्हणजे... नवा डाव आहे ना."

"ते तुला माहीत आहे. संगणकाला कोणी सांगितलं?"

तो ओळी वाचू लागला. बोट ठेवून, एकेक. बाहेरच्या, नवा डाव सुरू करणाऱ्या लूपच्या सुरुवातीला आला, खाली आला, परत वर गेला. एका विद्यार्थ्याचं बोट कोडवरून असं सावकाश फिरताना पाहणं हा माझ्या कामातला सगळ्यात आवडता भाग आहे. अशा वेळी मी काही बोलत नाही. त्या शांततेत घाई केली की सगळंच वाया जातं.

"कोणीच नाही," तो शेवटी म्हणाला. "शून्य करणारी ओळ लूपच्या वर आहे. ती परत येतच नाही. म्हणजे सहाच असणार." मग स्वतःशीच, "तो चुकत नाहीये. मी त्याला सांगितलंच नाहीये."

'तो माझं ऐकत नाही' इथून 'मी सांगितलंच नाही' इथपर्यंत तो स्वतः चालत आला होता. पहिल्या वाक्यात करण्यासारखं काहीच नसतं. दुसऱ्या वाक्यात एक ओळ लिहायची असते, बस.

ती ओळ कुठे लिहायची हे मात्र मी सांगितलं नाही. विचारलं, "समजा या खेळात आजवरचा सगळ्यात कमी प्रयत्नांचा विक्रमही दाखवायचा आहे. तोही दर डावाला पुसायचा?"

"नाही! तो राहिला पाहिजे."

"मग काउंट कोणाचा, आणि विक्रम कोणाचा?"

त्यानं कागदावर दोन चौकटी काढल्या. एकीत लिहिलं 'पूर्ण खेळ', दुसरीत 'एक डाव'. विक्रम पहिल्या चौकटीत गेला, म्हणजे बाहेरच्या लूपच्या वर. काउंट दुसऱ्या चौकटीत, म्हणजे बाहेरच्या लूपच्या आत पण अंदाजांच्या लूपच्या आधी. मग माझ्याकडे न बघताच त्यानं ओळखायचा आकडाही दुसऱ्या चौकटीत टाकला. नाहीतर प्रत्येक डावात तोच आकडा आला असता, आणि हे मी सुचवलं नव्हतं.

माझ्या डोक्यात तेव्हा जे जुळलं ते आता सांगते, कारण त्यानंतर या प्रश्नाकडे बघण्याची माझी दिशा पक्की झाली. हा मुलगा स्वतःशी नेमका उलटा वागत होता. जे ठेवायला हवं ते पुसत होता: अर्धा चालणारा प्रोग्राम, कुठे बिघडतं याची खूण, आधीच्या प्रयत्नात कळलेली गोष्ट. आणि जे त्या एका डावापुरतं होतं ते पुढे नेत होता. 'आज हा लूप जमला नाही' हा एका संध्याकाळचा हिशोब 'मी ढ आहे' होऊन पुढच्या संध्याकाळी पहिल्या ओळीच्या आधीच हजर असायचा.

मी त्याला हे असंच, कागदाकडे बोट दाखवून म्हटलं. "'ढ आहे' हे कोणत्या चौकटीतलं?"

त्यानं लगेच उत्तर दिलं नाही. मग हसला, डोळे भरले होते. "एका डावाचं. पण मी ते वर लिहून ठेवलंय."

अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञांनी १९५५पासून जी विचारपद्धती मांडली, तिचा एक गाभा हाच आहे की कृतीचं मूल्यमापन जरूर करावं, त्यावरून संपूर्ण माणसाला मार्क देऊ नयेत. मी त्याच परंपरेत शिकले आणि अजूनही त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण एरवी हे समजवायला कितीतरी भेटी जातात. या मुलाला ते त्याच्याच प्रोग्रामनं दाखवलं.

काही आठवड्यांनी तो स्वतःहून आला. आता 'पुन्हा खेळायचं का?' विचारल्यावर प्रोग्राम उत्तराची वाटच न बघता बंद होत होता. यावेळी त्यानं फाइल पुसली नव्हती. वाचलेल्या अक्षराचा कोड, म्हणजे संगणकातला त्याचा क्रमांक, छापून पाहिला होता. "दहा येतंय, मॅडम. दहा म्हणजे एंटर." आधी आकडा वाचताना दाबलेलं एंटर तिथेच मागे राहिलं होतं आणि टाइप केलेलं वाचणाऱ्या पुढच्या स्कॅनएफ या फंक्शननं तेच उत्तर म्हणून उचललं होतं. स्कॅनएफला 'एक अक्षर वाच' असं सांगणाऱ्या टक्का-सी (%c) या खुणेच्या आधी एक मोकळी जागा सोडली की ते गिळलं जातं, हेही त्यानं शोधलं होतं. मला विचारायला नाही, सांगायला आला होता.

हे वाचणाऱ्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. रन करण्याआधी कागदावर लिहा, आता काय दिसेल. अंदाज चुकला तर नेमका तोच धागा हातात येतो. एका वेळी एकच बदल करा. प्रोग्राम पुसू नका. नवं करून पाहायचं तर आधी प्रत काढून ठेवा. कंपायलरनं वीस एरर दाखवले तर पहिला तेवढा वाचा, खालचे पुष्कळदा त्याचीच पिल्लं असतात. वॉर्निंग सुरू ठेवा. आणि प्रत्येक व्हेरिएबलला विचारा, तू पूर्ण खेळाचा, एका डावाचा की एका फेरीचा? डू-व्हाइल या, अट शेवटी तपासणाऱ्या लूपमध्ये उत्तराचं व्हेरिएबल कंसाच्या आत जाहीर केलं, तर शेवटच्या अटीला ते दिसत नाही आणि एरर येतो. तिथेही हाच प्रश्न सोडवतो. नवा डाव हवा म्हणून मेन फंक्शनच, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो तो भागच, आतून पुन्हा बोलावण्याची युक्ती काही जण करतात. ती सोडा. सी प्लस प्लसमध्ये तिला परवानगीच नाही, आणि सीमध्ये आधीचा डाव संपत नाही, त्यावर नवा रचला जातो.

चुका सापडत राहतात याचं वाईट वाटत असेल तर मॉरिस विल्क्स यांची आठवण ठेवा. केंब्रिजमध्ये एडसॅक हा संगणक उभारणारा हा माणूस. १९४९मध्ये त्यांना एका क्षणी जाणवलं, की उरलेल्या आयुष्यातला बराच काळ आता स्वतःच्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार. पुढे १९६७मध्ये त्यांना संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

शिक्षकांना आणि घरच्यांना एकच विनंती. 'हे तर सोपं आहे' असं म्हणू नका. धीर द्यायला म्हणता हे मला माहीत आहे. मुलाला ऐकू येतं ते असं, की सोपंसुद्धा तुला येत नाही. त्याऐवजी विचारा, तुला काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं?

राहिला तो पहिला प्रश्न, माझं डोकं यासाठी आहे का. पहिल्या काही महिन्यांत, लूप अडलेला असताना, याचं उत्तर मी कोणालाही देत नाही आणि स्वतः स्वतःला देऊ देत नाही. दोन-तीन छोटे प्रोग्राम शेवटपर्यंत चालवा, मग बसून ठरवू. त्या टप्प्यावर 'जमतं, पण आवडत नाही' असं सांगून दुसरीकडे वळलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांना मी आनंदानं निरोप दिला आहे. मात्र झोप, जेवण आणि माणसांत मिसळणं हे आठवड्यामागून आठवडे बिघडलेलं असेल, तर प्रोग्राम पूर्ण होण्याची वाट पाहू नका. आधी समुपदेशकाकडे या.