.१७७ एअर रायफलवर २५ ते ५० मीटर टार्गेटसाठी १२ हजारांत कोणता स्कोप घ्यावा?

तुमच्याकडे ब्रेक बॅरल (नळी मोडून भरायची) स्प्रिंग रायफल आहे, माउंटसकट (स्कोप रायफलवर धरणाऱ्या रिंगांसकट) बजेट १२ हजार, आणि दुकानदार ६-२४×५० (६ ते २४ पट मोठं दाखवणारा, ५० मिलिमीटर भिंगाचा) स्कोप गळ्यात मारतोय, असं तुम्ही लिहिलंय. माझं सरळ मत: ४-१२×४० घ्या, आणि त्याच्या पुढच्या भिंगाभोवती पॅरॅलॅक्स (डोळा सरकला की नेमही सरकल्यासारखा दिसणं) घालवणारी फिरती रिंग हवीच. बॉक्सवर ते ‘एओ’ असं लिहिलेलं असतं. ती रिंग नसेल तर कितीही स्वस्तात मिळाला तरी सोडून द्या.

त्याआधी एक खात्री करा. पुढे मॅचेस खेळायचा विचार असेल तर १० मीटर आणि ५० मीटरच्या आयएसएसएफ (नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना) रायफल प्रकारांत स्कोप चालतच नाही. स्वप्नील कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून) कांस्य मिळवलं ते पीप साइटवर (भिंगाशिवाय, बारीक भोकातून नेम धरायची साइट). तो रस्ता धरायचा असेल तर हे १२ हजार चांगल्या पीप साइटकडे वळवा. तुम्ही ‘रविवारी मजेसाठी, कागदावर’ असं म्हटलंय, म्हणून पुढचं लिहितो.

पॅरॅलॅक्सवर मी अडून बसतो त्याला कारण आहे. फायरआर्मसाठी (दारूच्या काडतुसाच्या बंदुकीसाठी) बनवलेल्या साध्या स्कोपचा पॅरॅलॅक्स कारखान्यातच १०० यार्डांवर पक्का केलेला असतो, रिमफायरवाल्यांचा (.२२ सारख्या छोट्या काडतुसांच्या रायफलींसाठीच्या स्कोपचा) बहुधा ५० वर. असा १०० यार्डांचा, ४० मिलिमीटर भिंगाचा स्कोप तुम्ही २५ मीटरवर वापरलात आणि डोळा भिंगाच्या मध्यावरून कडेला सरकला, तर रेटिकल (स्कोपमधली नेमाची फुली) जिथे दिसतंय आणि पेलेट (छरा) जिथे लागणार यांत जास्तीत जास्त जवळपास दीड सेंटीमीटरचा फरक पडू शकतो. प्रत्येक शॉटला गाल स्टॉकवर अगदी त्याच जागी टेकेल असं नवशिक्याचं होत नाही. मग ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या छऱ्यांचा पुंजका) पसरतो आणि आपण पेलेटला नावं ठेवत बसतो. एओ रिंग १० यार्डांपर्यंत खाली येते का ते बघा. रिंगवरच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. टार्गेटकडे बघत डोकं जरा वरखाली हलवा आणि रेटिकल जागचं हलेनासं होईपर्यंत रिंग फिरवा.

दुसरी गोष्ट स्प्रिंग रायफलच्या धक्क्याची. चाप ओढला की पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन टोकाला आदळला की ती पुढे हिसका खाते. बंदुकीसाठी बनवलेला स्कोप मागच्या धक्क्याला तयार असतो, या उलट्या हिसक्याला असेलच असं नाही. त्यामुळे मोठमोठ्या रायफलींवर टिकणारा स्कोप आपल्या ‘छऱ्याच्या बंदुकीवर’ खिळखिळा होतो, रेटिकल तिरकं होतं, झीरो (नेम आणि छरा एका जागी जुळवलेले असणं) धरत नाही. कंपनीने ‘स्प्रिंग एअर रायफलसाठी चालेल’ असं स्पष्ट लिहिलंय का एवढं बघा. दुकानदाराचं ‘चालेल ओ, बिनधास्त घ्या’ मोजू नका.

२४ पटीचा मोह का टाळायचा, तर ५० मिलिमीटर भिंगाला २४ने भागलं की डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत जेमतेम २ मिलिमीटरचा उरतो. डोळा इकडचा तिकडे झाला की काळं. ४० भिंगावर १२ पटीला तो ३.३ असतो. शिवाय उन्हाळ्याच्या दुपारी जमिनीवरून उठणारी हवा २४ पटीत इतकी थरथरते की टार्गेट नाचताना दिसतं, आणि त्यात आपल्या नाडीचे ठोकेही दिसतात. ५० मीटरवर १२ पट भरपूर झाली.

क्लिकचा हिशेब समजून घ्या. नेम सरकवायचं स्कोपवरचं बटण म्हणजे टरेट. त्याची पाव एमओएची (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक ५० मीटरवर साधारण ३.६ मिलिमीटर सरकवते, २५ वर त्याच्या निम्मी. साडेआठ ग्रेनच्या (साधारण अर्ध्या ग्रॅमच्या) आसपासचा पेलेट २५० मीटर प्रति सेकंदाने निघत असेल आणि तुम्ही २५ मीटरवर झीरो केलं असेल, तर ५० मीटरवर तो अंदाजे १० सेंटीमीटर खाली लागेल. म्हणजे २८च्या आसपास क्लिक वर, आणि परत येताना तेवढ्याच खाली. टरेट नेमका परत यायला हवा, आणि स्वस्त स्कोप फसतात ते इथेच. म्हणून बदलून मिळण्याची मुदत आहे तोवर २५ मीटरवर चौकोन काढा: एक ग्रुप मारा, मग ४० क्लिक उजवीकडे, ४० वर, ४० डावीकडे, ४० खाली, दर वेळी एकेक ग्रुप. शेवटचा ग्रुप पहिल्यावर बसला पाहिजे. क्लिक फिरवायचा कंटाळा असेल आणि मिल-डॉट (रेटिकलवरचे मोजमापाचे ठिपके) वापरायचे असतील, तर लक्षात ठेवा की या किमतीत बहुतेक स्कोप सेकंड फोकल प्लेनचे असतात, म्हणजे झूम बदलला तरी रेटिकल तेवढंच दिसतं. ठिपक्यांमधलं अंतर एकाच झूमवर खरं असतं, त्यामुळे एक झूम ठरवा आणि तिथेच राहा.

नावं विचारलीत म्हणून: हॉकचा व्हँटेज ४-१२×४० एओ बजेटमध्ये बसला तर तोच. नाहीतर डिस्कव्हरी किंवा व्हेक्टर ऑप्टिक्स या चिनी कंपन्यांमध्ये वरच्या अटींत बसणारा बघा. माल आयातीचा आहे, दर हलत राहतात, म्हणून किंमत लिहीत नाही. माउंटवर कंजुषी नको. ११ मिलिमीटर डव्हटेलचं (रायफलवरच्या खाचांत बसणारं), एकसंध आणि स्टॉप पिन (माउंटला सरकू न देणारी खीळ) असलेलं घ्या, नाहीतर धक्क्याने आख्खा स्कोप मागे सरकत जातो. रिंगचे स्क्रू आलटून पालटून, बेताने आवळा. जोर लावलात तर ट्यूब चेपते.

ठाण्यात राहता म्हणून दोन गोष्टी जास्तीच्या. स्कोपच्या आत नायट्रोजन भरलेला असला तरी बाहेरच्या काचेला आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते. रेक्झिनच्या कव्हरमध्ये कपाटात कोंबू नका, सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा.

आणि येऊरला रायफल नेऊ नका. नळीतून छरा निघताना २० ज्युलपर्यंत ऊर्जा असलेल्या .१७७ ला २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही हे खरं, पण येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि तिथे परवानगीशिवाय शस्त्र नेणं वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. सोसायटीची गच्चीही नको. आपल्या बाजूच्या क्लबांच्या रेंज बहुतेक १० मीटरच्या इनडोअर आहेत. ५० मीटरसाठी वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनमध्ये चौकशी करा, आणि स्कोप लावलेली रायफल चालेल का हे स्कोप घ्यायच्या आधीच विचारा.