अ‍ॅब्लेशनसाठी (हृदयातली बिघडलेली जागा तापवून निकामी करणं) डॉक्टर ‘हाफ नॉर्मल’ सलाईन वापरणार म्हणाले. ते कमी दर्जाचं असतं का?

नाही. ‘हाफ’चा दर्जाशी संबंध नाही, पैसे वाचवण्याशीही नाही, दोन्ही बाटल्या स्वस्तच असतात. मी ईपी लॅबमध्ये (हृदयाच्या ठोक्यांतले बिघाड तपासतात ती जागा) टेक्निशियन आहे, सलाईनचा पंप लावणं माझं रोजचं काम. वडिलांना जुन्या हार्ट अटॅकनंतर व्हीटी (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून उठणारे वेगवान ठोके) आहे आणि एकदा अ‍ॅब्लेशन होऊनही ती परत आली, असं तुम्ही लिहिलंय. हाफ नॉर्मल वापरण्याचं कारण बहुतेक त्यातच आहे.

कॅथेटरच्या टोकातून रेडिओफ्रिक्वेन्सी करंट देतात. स्नायू साधारण 50 अंशांच्या वर तापला की तिथल्या पेशी कायमच्या मरतात. पण टोकच तापलं तर त्यावर रक्त जळून चिकटतं, म्हणून बारीक छिद्रांतून सलाईन सोडत राहतात. आता गंमत अशी, की मिठाचं पाणी वीजही वाहून नेतं. थोडा करंट स्नायूत न शिरता त्यातूनच रक्तात निसटतो. नॉर्मल सलाईनमध्ये मीठ 0.9 टक्के, हाफ नॉर्मलमध्ये 0.45. मीठ कमी असलं की करंट कमी निसटतो आणि तेवढ्याच वॅटमध्ये उष्णता जास्त खोल जाते. व्हीटीचं मूळ जाड भिंतीत आत दडलेलं असेल तर हे उपयोगी पडतं. एएफमध्ये (वरच्या कप्प्यातले अनियमित ठोके) मात्र डाव्या कर्णिकेची, म्हणजे वरच्या कप्प्याची, भिंत जेमतेम 2-3 मिलिमीटर, मागे अन्ननलिका. तिथे एवढी खोली हवीय कुणाला?

अर्थात धोकाही त्याच कारणाने वाढतो. आत फार तापलं की स्नायूतल्या पाण्याची वाफ होऊन ‘पॉप’ होतो. कधी कधी तो टेबलाशी ऐकूही येतो, आणि क्वचित भिंत फाटते. म्हणून वॅट जपून वाढवतात आणि इम्पिडन्सवर (करंटला होणाऱ्या विरोधावर) नजर ठेवतात.

दुसरी गोष्ट सोडियम. काही कॅथेटरना मिनिटाला 30 मिली लागतं. करंट एकूण 50 मिनिटं चालला तर दीड लिटर, तेही सगळं शरीरात. नॉर्मल सलाईन असेल तर साडेतेरा ग्रॅम मीठ; हृदय आधीच कमजोर असलेल्याला दम लागायला तेवढं पुरतं. हाफ नॉर्मलमध्ये मीठ निम्मं पण पाणी तेवढंच, त्यामुळे रक्तातलं सोडियम उतरू शकतं.

5 टक्के डेक्स्ट्रोजमधून वीज जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे प्रयोगांत त्याने जखम (उष्णतेने मारलेला भाग) आणखी मोठी होते. पण लिटरमागे 50 ग्रॅम साखर, आणि सोडियम त्यानेही पडतं. मला ते अगदी शेवटचा उपाय वाटतं.

कॅथेटरच्या पत्रकात सहसा हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेलं नॉर्मल सलाईनच लिहिलेलं असतं. त्यामुळे केस बहुधा त्यावरच सुरू होते आणि एखादी जागा दाद देईना तेव्हाच बाटली बदलतात. बदलताना नळीतला बुडबुडा न् बुडबुडा काढावा लागतो, कारण हृदयाच्या डाव्या बाजूची हवा थेट मेंदूत जाऊ शकते.

डॉक्टरांना एवढं विचारा: वडिलांचं आत्ताचं सोडियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) किती आहे, प्रोसिजरनंतर सोडियम पुन्हा कधी तपासणार, आणि साचलेलं पाणी काढायला लघवीचं इंजेक्शन देणार का.