पाच वर्षं उभी असलेली मारुती 800 पुन्हा चालू कशी करावी?

तुम्ही विचारलंय की वडिलांची 1997 ची मारुती 800 चिपळूणजवळच्या घरी पाच वर्षं शेडमध्ये उभी आहे, नवी बॅटरी टाकून सेल्फ मारला तर चालेल का. कदाचित चालेलही, पण कृपा करून तसं करू नका. मी कोकणातच गॅरेज चालवतो. गणपतीत आणि मे महिन्यात मुंबईहून आलेली मंडळी अशाच गाड्या घेऊन येतात. उभी असताना वाचलेलं इंजिन घाईघाईत सेल्फ मारताना जातं, हे मी पुन्हा पुन्हा बघतो.

गाडी उभी राहिली की बोअरवरचं, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो तिच्या भिंतीवरचं ऑईल हळूहळू खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या डब्यात उतरतं. एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतोच, त्यातून आपल्याकडची पावसाळी हवा आत जाते. बोअरवर गंजाचा पातळ थर धरतो, पिस्टनभोवतीच्या रिंगा चिकटतात. अशा वेळी सेल्फ मारला किंवा उतारावर धक्का दिला की रिंग तुटते, नाहीतर बोअरवर रेघा पडतात. गाडी चालू होते, पण पुढे ऑईल खाते आणि निळा धूर सोडते.

आधी बोनेट उघडून टॉर्च मारा आणि मगच आत हात घाला. उंदीर असले की त्यांच्यामागे साप येतो. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, त्यात नारळाच्या सोडणाचा काथा आणि चिंध्या हमखास सापडतात. कुरतडलेली वायर दिसली तर ती बदलल्याशिवाय बॅटरी जोडू नका.

मग तिन्ही स्पार्क प्लग काढा. टोकावर तांबूस भुकटी असेल तर आत ओल गेलीय असं समजा. प्रत्येक भोकातून चमचाभर इंजिन ऑईल आत सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लग न लावता गाडी चौथ्या गिअरला टाका आणि दोघांनी हळू पुढे ढकला. इंजिन मोकळं असेल तर प्लगच्या भोकांतून सुस्कारा टाकल्यासारखी हवा येते. न्यूट्रलला गाडी सरकते पण गिअरला टाकल्यावर अडते, असं असेल तर जोर लावू नका. पुन्हा ऑईल सोडा, दोन-तीन दिवस थांबा. तरीही हललं नाही तर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडावं लागेल.

इंजिन फिरलं की जुनं ऑईल काढा. चेंबरचा नट सैल केल्यावर पहिल्यांदा काय येतं ते नीट बघा. पाणी ऑईलपेक्षा जड, त्यामुळे आत साचलेलं असेल तर तेच आधी टपकतं. नवा फिल्टर, नवं ऑईल टाका. इंजिनावरचं झाकण (टॅपेट कव्हर) काढून कॅम आणि रॉकर या व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांवरही थोडं ओता. आता चार्ज केलेली बॅटरी जोडा, ठिणगी पडू नये म्हणून इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून ठेवा, प्लग अजून बाहेरच ठेवा आणि सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर थांबा. डॅशबोर्डवरचा ऑईलचा लाल दिवा विझेपर्यंत हे करा. दिवा विझला म्हणजे ऑईल वरपर्यंत पोचलं. सगळ्या कामात मला हीच पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि घाईत नेमकी हीच राहते.

टाकीतलं जुनं पेट्रोल वापरू नका. त्याला वार्निशचा वास येतो आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकांत, त्याचा चिकट थर बसतो. टाकी रिकामी करून धुवा, कार्बोरेटर खोलून साफ करा. पेट्रोलचे रबरी पाइप न चुकता बदला. 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलंय, आणि त्या काळचं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आग. हे काम उघड्यावर करा, वाळूची बादली जवळ ठेवा. कूलंट आणि टायमिंग बेल्ट दिसायला चांगले असले तरी नवे टाका, फार खर्च नाही.

प्लग आणि कॉइलची वायर लावा, चोक ओढा, चालू करा. सुरुवातीला धूर येईल, तो आपण सोडलेल्या ऑईलचा असतो, काही मिनिटांत कमी होतो. रेस करू नका. चालू झाल्यावर पाच-सहा सेकंदांत लाल दिवा विझला नाही तर लगेच बंद करा. विझला तर रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत गाडी तशीच चालू ठेवा. गाडी शेडबाहेर काढूनच हे करायचं, बंद जागेत सायलेन्सरचा वायू जीव घेतो.

इंजिन चालू झालं म्हणून लगेच रस्त्यावर जाऊ नका. ब्रेकचं ऑईल हवेतली ओल ओढतं, त्यामुळे मागच्या व्हील सिलेंडरमध्ये गंज धरतो. हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले असतात. चारही चाकं उघडून घ्या, ब्रेक ऑईल नवं भरा. टायर वरून कोरे दिसले तरी जुने असू शकतात, बाजूच्या चार आकड्यांवरून ते बनल्याचा आठवडा आणि वर्ष कळतं.

15 वर्षांनंतर आरसी दर 5 वर्षांनी नूतन करावी लागते, ती तारीख, विमा आणि पीयूसी बघा. पहिले 500 किलोमीटर झाले की ऑईल पुन्हा बदला. आतला सुटलेला गंज त्यात उतरलेला असतो.